अपडेटनंतर टचपॅड बंद पडला तर

आपल्या ई-अंकाचं जवळजवळ सगळं काम आता लॅपटॉपवर होतं. कविता फोनवर लिहिलेली असली तरी तिचं मुद्रितशोधन, मांडणी, चित्रं बसवणं यासाठी लॅपटॉपच लागतो. असाइनमेंट आणि प्रोजेक्ट आहेतच. रात्री 'अपडेट अँड शट डाउन' करून झोपावं आणि सकाळी टचपॅडवर बोट फिरवलं तर बाण जागचा हलू नये, असं झालं की पोटात गोळा येतो. त्यात अंकाची किंवा सबमिशनची तारीख दुसऱ्या दिवसाची असेल तर विचारूच नका.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "टचपॅड गेला, नवीन टाकून घे." दुसरा, "फॉर्मॅट मार, सगळं ठीक होईल." पहिल्या सल्ल्यात पैसे जातात, दुसऱ्यात कधी कधी लिखाण जातं. आणि गंमत अशी की अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी बंद पडलेला टचपॅड बहुतेक वेळा मोडलेला नसतोच. त्याच्यात आणि विंडोजमध्ये बोलणं बंद झालेलं असतं, इतकंच. ते पुन्हा सुरू कसं करायचं आणि ते करताना कोणत्या क्रमाने जायचं, हे या लेखात सांगतो. क्रमाचं सूत्र सोपं आहे. जे केलेलं सहज मागे घेता येतं ते आधी, जे मागे घेता येत नाही ते सगळ्यात शेवटी.

सगळ्यात आधी लिखाण वाचवा

टचपॅड बंद असला तरी लॅपटॉप बंद नसतो. कुणाकडे यूएसबी माउस असेल तर तो लावा, अर्धी चिंता तिथेच मिटते. साधा वायरचा माउस कुठल्याही ड्रायव्हरच्या भानगडीशिवाय चालतो. माउस नसेल तर कीबोर्डवर सगळं होतं, फक्त बटणं माहीत हवीत.

कंट्रोल आणि एस दाबलं की उघडी फाइल सेव्ह होते. ऑल्ट आणि टॅबने एका खिडकीतून दुसरीत जाता येतं. विंडोजचं बटण आणि ई दाबलं की फाइल एक्सप्लोरर उघडतो. तिथे टॅबने आणि बाणांच्या बटणांनी फिरा, फाइल निवडा, कंट्रोल आणि सी, मग पेन ड्राइव्हमध्ये जाऊन कंट्रोल आणि व्ही. मेनू उघडायला, म्हणजे माउसच्या उजव्या बटणाचं काम करायला, शिफ्ट आणि एफ१०. लॅपटॉप बंद किंवा रीस्टार्ट करायचा असेल तर विंडोज आणि डी दाबून डेस्कटॉपवर या आणि ऑल्ट आणि एफ४ दाबा. कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक ही तिन्ही एकदम दाबा. 'माउस कीज' चालू करायच्या का असं विचारतं. 'यस' केलं की ८, २, ४, ६ या आकड्यांनी बाण वर, खाली, डावीउजवीकडे हलतो आणि ५ म्हणजे क्लिक.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कीबोर्ड मराठीवर असेल तर शोधायच्या चौकटीत 'टचपॅड' हा शब्द इंग्रजीत लिहायला गेलं की भलतीच देवनागरी अक्षरं उमटतात. लॉगिनच्या पडद्यावर तसंच झालं तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा आणि मग पुढे चला.

आपलं चालू लिखाण, अंकाची फाइल, प्रोजेक्ट हे सगळं पेन ड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर चढवून झालं, की मगच टचपॅडकडे वळा. एरवी दहा मिनिटांचं हे काम पुढे घाईघाईत राहून जातं.

टचपॅड काम कसा करतो

टचपॅडच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली अतिशय बारीक तारांची आडवी-उभी जाळी असते. तिच्याभोवती हलकंसं विद्युतक्षेत्र असतं. आपलं बोट विद्युतवाहक असल्यामुळे जवळ आलं की त्या ठिकाणचं क्षेत्र थोडं बदलतं. जाळीला जोडलेली चिप हा बदल कुठे झाला ते सेकंदाला कितीतरी वेळा मोजते आणि 'बोट इथे आहे, आता इकडे सरकलं' असं सांगत राहते. म्हणूनच पेनच्या प्लॅस्टिकच्या टोकाने टचपॅड चालत नाही. लॅपटॉपमध्ये अशा प्रकारचा टचपॅड १९९४ साली ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत आला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. त्याआधी लॅपटॉपवर फिरवायचे छोटे गोळे असायचे.

ही माहिती चिपकडून विंडोजपर्यंत जायला एक साखळी लागते. टचपॅडपासून एक चपटी पट्टीसारखी वायर मदरबोर्डवर जाते. तिथून 'आय स्क्वेअर्ड सी' नावाच्या मार्गाने माहिती प्रोसेसरच्या बाजूला पोचते. हा मार्ग फिलिप्स कंपनीने १९८०च्या दशकात, यंत्राच्या आतल्या चिप्सनी आपसांत बोलावं म्हणून तयार केला होता. या मार्गाचा एक स्वतंत्र ड्रायव्हर असतो, टचपॅडचा दुसरा. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. टचपॅड त्याच्या भाषेत बोलतो, विंडोज स्वतःच्या भाषेत ऐकतं, आणि मधला माणूस भाषांतर करतो.

पूर्वी प्रत्येक कंपनीचा दुभाषा वेगळा असायचा. सिनॅप्टिक्स, एलान, आल्प्स ही नावं जुन्या लॅपटॉपांत दिसतात ती त्यामुळेच. २०१३ साली विंडोज ८.१ बरोबर मायक्रोसॉफ्टने 'प्रिसिजन टचपॅड' ही पद्धत आणली. तिच्यात टचपॅड ठरलेल्या एकाच भाषेत बोलतो आणि विंडोजमधलाच दुभाषा त्याला पुरतो. आजचे बहुतेक नवे लॅपटॉप या प्रकारचे आहेत.

अपडेट नेमकं काय बदलतं

आता या साखळीकडे पुन्हा बघा. जाळी, चिप आणि वायर या हाताला लागणाऱ्या वस्तू आहेत. विंडोजचं अपडेट त्यांना हात लावू शकत नाही. ते बदलतं ते ड्रायव्हर, सेटिंग आणि क्वचित लॅपटॉपच्या बायॉसमधला प्रोग्राम. म्हणजे बिघाड खरोखर अपडेटमुळे झाला असेल, तर तो या तिघांपैकी कशात तरी असणार.

अपडेटही एका प्रकारचं नसतं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेचं अपडेट काढते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते, म्हणून अशा तक्रारी बुधवारी-गुरुवारी जास्त कानावर येतात. वर्षातून एखादं मोठं अपडेट येतं, त्यात विंडोजची आवृत्तीच बदलते. याशिवाय लॅपटॉपच्या कंपनीचे ड्रायव्हरही विंडोज अपडेटच्या रस्त्यानेच गुपचूप येतात. जुन्या टचपॅडवर सर्वसाधारण ड्रायव्हर येऊन बसला, किंवा मार्गाचा ड्रायव्हर नवा झाला आणि टचपॅडचा जुनाच राहिला, की दोघांचं जुळत नाही. बाण थांबतो.

पायरी पहिली : पूर्ण रीस्टार्ट

हा सल्ला ऐकून हसू येतं, पण त्यामागे कारण आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळे 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. ड्रायव्हर अडकलेला असेल तर तो अडकलेलाच परत येतो. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून लॅपटॉप दहा वेळा बंद-चालू करण्यापेक्षा एकदा 'रीस्टार्ट' करा. अपडेटचं काही काम अर्धवट राहिलं असेल तर तेही यात पुरं होतं.

त्याने भागलं नाही तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून सुरू करा. आतल्या चिप्समध्ये उरलेली वीज निघून जाते आणि टचपॅडची चिपही नव्याने जागी होते.

पायरी दुसरी : तो फक्त बंद केलेला आहे का

बऱ्याच लॅपटॉपांवर वरच्या ओळीतल्या एका बटणावर टचपॅडचं छोटं चित्र असतं, त्यावर आडवी रेघ. कुठे ते एफ६ वर असतं, कुठे एफ७ वर, कुठे एफ९ वर. म्हणून आकडा पाठ करू नका, चित्र शोधा. तेच बटण एकदा नुसतं दाबून बघा, एकदा एफएन बरोबर. काही लॅपटॉपांत टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका किंवा बारीक दिवा असतो. तिथे दोनदा टकटक केलं की टचपॅड बंद किंवा चालू होतो.

मग विंडोजचं बटण दाबून इंग्रजीत 'टचपॅड' लिहा आणि 'टचपॅड सेटिंग्ज' वर एंटर करा. विंडोज ११ मध्ये हे पान 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' खाली आहे, विंडोज १० मध्ये 'डिव्हायसेस' खाली. टॅबने स्विचपर्यंत जा आणि स्पेसने तो चालू करा. त्याच पानावर 'माउस लावलेला असताना टचपॅड चालू ठेवा' अशा अर्थाची एक चौकट आहे. तिच्यातली खूण गेली असेल तर माउस लावला की टचपॅड बंद पडतो. वायरलेस माउसचा छोटा रिसीव्हर यूएसबीत तसाच राहिला असेल तरी विंडोजला माउस लावलेलाच वाटतो, मग माउस घरी टेबलावर का असेना.

या पानाचा आणखी एक उपयोग आहे. नव्या लॅपटॉपवर 'टचपॅड' हे पानच दिसत नसेल, तर विंडोजला टचपॅड दिसतच नाही असा त्याचा अर्थ. स्विच शोधण्यात वेळ घालवू नका, पुढच्या पायरीवर जा.

पायरी तिसरी : डिव्हाइस मॅनेजर

विंडोज आणि एक्स एकदम दाबा, मग एम. जी यादी उघडते ती लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची हजेरी. वरखाली बाणांनी फिरा, उजव्या बाणाने एखादा गट उघडा. टचपॅड 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस' मध्ये असतो किंवा 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस' मध्ये. दुसऱ्या गटात 'एचआयडी कम्प्लायंट टचपॅड' आणि 'आय टू सी एचआयडी डिव्हाइस' अशी नावं दिसतात. एखाद्या नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर दुखणं तिथे आहे.

त्या नावावर ऑल्ट आणि एंटर दाबलं की त्याची माहिती उघडते. कंट्रोल आणि टॅबने 'ड्रायव्हर' या भागात जा. तिथे तीन गोष्टी या क्रमाने करायच्या.

पहिली, 'डिसेबल' करून पुन्हा 'एनेबल'. पुष्कळदा एवढ्याने काम होतं.

दुसरी, 'रोल बॅक ड्रायव्हर'. अपडेटने नवा ड्रायव्हर टाकला असेल आणि जुना जपून ठेवला असेल तर हे बटण दाबता येतं आणि जुना दुभाषा परत कामावर येतो. बटण फिकट असेल तर परत जायला जुना ड्रायव्हर नाही.

तिसरी, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' आणि लगेच रीस्टार्ट. नाव भीतीदायक असलं तरी विंडोज सुरू होताना टचपॅड पुन्हा शोधतं आणि ड्रायव्हर नव्याने बसवतं. 'ड्रायव्हरही काढून टाका' असं विचारणारी चौकट असेल तर पहिल्या वेळी तिच्यात खूण करू नका. आणि 'ह्यूमन इंटरफेस' गटातली सगळीच नावं एकामागून एक उडवत बसू नका. काही लॅपटॉपांचा कीबोर्डही त्याच गटातून चालतो. टचपॅड बंद आणि कीबोर्डही बंद झाला तर हातात काहीच उरत नाही.

टचपॅडच्या नावापुढे काहीच खूण नाही, किंवा नावच नाही, असं असेल तर 'सिस्टिम डिव्हायसेस' गट उघडा. तिथे 'इंटेल सीरियल आयओ' किंवा 'एएमडी आय टू सी कंट्रोलर' अशी नावं असतात. हा वर सांगितलेल्या मार्गाचा ड्रायव्हर. तोच अडला असेल तर टचपॅडचा ड्रायव्हर कितीदाही बसवला तरी उपयोग नाही. रस्ता बंद असताना गाडी दुरुस्त करण्यासारखं ते होईल.

ड्रायव्हर उतरवायचा तो लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत सपोर्ट पानावरूनच. लॅपटॉपच्या तळाला मॉडेल आणि सीरियल नंबर असतो, तो तिथे घालायचा. 'चिपसेट' किंवा 'सीरियल आयओ' आधी, टचपॅडचा नंतर. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असं सांगणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. तिथून काय काय लॅपटॉपमध्ये शिरेल त्याचा नेम नाही.

पायरी चौथी : अपडेट मागे घेणं

इथवर येऊनही बाण हलला नाही, तर अपडेटच काढून बघता येतं. 'सेटिंग्ज', 'विंडोज अपडेट', 'अपडेट हिस्टरी' असं जाऊन शेवटी 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. तारखेवरून ओळखा आणि एकच अपडेट काढा, म्हणजे कारण कळेल. सुरक्षेचं अपडेट काढलेलं असताना लॅपटॉप थोडा उघडा पडतो, म्हणून हा इलाज काही दिवसांपुरताच. ड्रायव्हर दुरुस्त होऊन आला की अपडेट परत घ्यायचं.

विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर 'सिस्टिम' खालच्या 'रिकव्हरी' पानावर 'गो बॅक' हे बटण असतं. ते साधारणपणे पहिले १० दिवसच चालतं. नंतर जुन्या आवृत्तीच्या फाइल्स पुसल्या जातात.

तिसरा मार्ग 'सिस्टिम रिस्टोअर'. तो आधीपासून चालू असेल तर अपडेटपूर्वीच्या दिवसाची नोंद सापडते. त्याने ड्रायव्हर आणि सेटिंग मागे जातात, तुमचे लेख आणि फोटो तसेच राहतात. मात्र त्या दिवसानंतर टाकलेले प्रोग्राम निघून जातात.

पायरी पाचवी : दोष विंडोजचा की यंत्राचा

पैसे खर्च करण्याआधी ही एक चाचणी जरूर करा. पण तिच्याही आधी एक काम आहे. आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क कुलूपबंद असते, त्या सोयीचं नाव बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. बायॉसमध्ये काही बदललं तर विंडोज सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर आतलं लिखाण तुमचं असूनही तुम्हाला मिळत नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. फोनवरून त्या खात्यात जा, की शोधा आणि वहीत लिहून ठेवा. लॅपटॉप मोठ्या भावाच्या किंवा बाबांच्या खात्याने सुरू केलेला असेल तर की त्यांच्या खात्यात असेल.

आता लॅपटॉप सुरू होताना एफ२, एस्केप किंवा डिलीट, तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते, दाबत राहा म्हणजे बायॉस उघडेल. इथे विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. नव्या लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये बाण दिसतो. तो टचपॅडने हलला तर टचपॅड ठणठणीत आहे, दोष विंडोजकडेच. बायॉस फक्त कीबोर्डवर चालणारा असेल तर या चाचणीवरून काहीच ठरत नाही. तिथेच 'इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस' किंवा 'टचपॅड' असं नाव दिसलं आणि ते 'डिसेबल्ड' असेल तर 'एनेबल्ड' करा. बाकी कशाला हात लावू नका.

याहून पक्की चाचणी म्हणजे उबंटू लिनक्सचा पेन ड्राइव्ह. मंडळात किंवा कॉम्प्युटर लॅबमध्ये कुणाकडे तरी तो असतो. त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि 'ट्राय उबंटू' निवडायचं. 'इन्स्टॉल' अजिबात नाही. तुमच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. तिथे टचपॅड चालला तर दुकानात जायची गरज नाही. तिथेही नाही चालला तर वायर, चिप किंवा टचपॅड यांच्याकडे संशय जातो.

लिनक्स वापरणाऱ्यांचं काम उलट सोपं असतं. उबंटू नवा कर्नल टाकताना आधीचा ठेवून देतं. सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन मागचा कर्नल निवडा. टचपॅड चालला तर दोष नव्या कर्नलचा, तो दुरुस्त होईपर्यंत मागच्यावर काम करत राहा.

अपडेटचं फक्त निमित्त असतं तेव्हा

कधी कधी अपडेट आणि बिघाड एकाच दिवशी येतात, पण त्यांचा संबंध नसतो. यातला एक प्रकार धोक्याचा आहे. बऱ्याच लॅपटॉपांत बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते. बॅटरी फुगली की ती टचपॅडला खालून ढकलते. क्लिक घट्ट होतं, टचपॅड एका बाजूने वर आलेला दिसतो, लॅपटॉप टेबलावर ठेवला तर डुगडुगतो. असं काही दिसलं तर ड्रायव्हर वगैरे विसरा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि सरळ जाणकाराकडे न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

दुसरा प्रकार साधा आहे. टचपॅड बंद नसतो, बाण थरथरतो किंवा उड्या मारतो. चार्जर काढल्यावर हे थांबलं तर विजेच्या बोर्डाचं अर्थिंग बघायला सांगा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थची वायर आत जोडलेलीच नसते. पावसाळ्यात ओलसर बोटांनीही बाण भरकटतो. हात आणि टचपॅड कोरड्या मऊ कापडाने पुसा. विंडोजला यात दोष देण्यात अर्थ नाही.

दुकानात जायची वेळ आली तर

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर कुणालाही उघडू देऊ नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी बोला. वॉरंटी संपली असेल तर दुकानदाराला तुम्ही केलेल्या चाचण्या सांगा. "बायॉसमध्ये आणि उबंटूवरही चालत नाही, बॅटरी फुगलेली दिसत नाही," एवढं सांगितलं की बोलणं कामाच्या दिशेने जातं. आधी वायर नीट बसवून बघायला सांगा. ती नुसती सैल झालेली असू शकते. भाग बदलायचा झाला तर आधी किंमत विचारा आणि काढलेला जुना भाग परत मागा.

फॉर्मॅटबद्दल एक शब्द. विंडोजमध्ये 'रीसेट धिस पीसी' ची सोय आहे आणि त्यात 'कीप माय फाइल्स' असा पर्याय आहे. फाइल्स राहतात, पण तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात. आपल्यासारख्या मराठी लिहिणाऱ्यांना हे जास्त लागतं. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर आणि त्याचे फाँट गेले तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले लेख उघडल्यावर निव्वळ खुणांचा गोंधळ दिसतो. मजकूर आत असतो, पण फाँट परत बसवेपर्यंत वाचता येत नाही. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं तर मजकूरही जातो. तेव्हा टचपॅडसाठी रीसेट हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही सगळ्याची प्रत दुसरीकडे ठेवल्यावर.

पुढच्या अपडेटआधी

अपडेट कायमचं बंद करणं हा मात्र उपाय नव्हे. सुरक्षेची भोकं त्यातूनच बुजतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्या लॅपटॉपांना नेहमीची मोफत अपडेट मिळणं थांबलं आहे आणि ती काही चैनीची गोष्ट नाही. आपल्याला फक्त वेळ निवडायची आहे. सबमिशन किंवा अंकाच्या शेवटच्या आठवड्यात 'पॉज अपडेट्स' करून ठेवा आणि काम संपल्यावर अपडेट घ्या. घेताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या आणि हातात तासभर वेळ ठेवा.

त्याखेरीज चार गोष्टी आजच करून ठेवता येतात. रिकव्हरी की वहीत लिहा. 'सिस्टिम रिस्टोअर' चालू आहे का ते बघा. लॅपटॉपचं मॉडेल आणि सीरियल नंबर फोनमध्ये टिपून ठेवा. जुन्या फाँटमधले आपले लेख हळूहळू युनिकोडमध्ये आणून त्यांची एक प्रत लॅपटॉपबाहेर ठेवा.

आणि मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. आपल्या कपाटात जुने अंक, बॅनर, हार्मोनियमचं कव्हर असं बरंच काही आहे. त्यात एक वायरचा यूएसबी माउस आणि उबंटूचा एक पेन ड्राइव्ह कायमचा ठेवावा, वर 'मंडळाचा' अशी चिठ्ठी चिकटवून. ज्याचा टचपॅड बंद पडेल त्याने न्यावा आणि काम झालं की परत आणून ठेवावा.